खिळा नेमका कुठे ठोकायचा?

उन्हाळी कलामहोत्सव आणि कलादालनांच्या खुल्या संध्याकाळी यांविषयी गेल्या अंकात पत्रं मागवली होती. दुसऱ्यांची चित्रं भिंतीवर लावण्यातच माझी वर्षं गेली, म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्या हवाली केला. मी चित्रकार नाही, समीक्षक तर मुळीच नाही. उत्तरं भिंतीच्या बाजूने येतील, एवढं आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : आमच्या छोट्या शहरात उन्हाळ्यात महिन्यातून एकदा सगळी दालनं रात्रीपर्यंत उघडी असतात. मी हौसेने जाते. पण आत सगळे एकमेकांच्या ओळखीचे, गप्पांत रंगलेले. मी भिंतीच्या कडेने एक फेरी मारते आणि बाहेर पडते. चित्रकार समोर आलाच तर ‘छान आहे’ याच्यापुढे काही सुचत नाही. चित्रं बघायची म्हणजे करायचं तरी काय? – एक बुजरी वाचक

उत्तर : आधी ती फेरी बंद करा. पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत सरकत गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार सेकंद येतात आणि बाहेर आल्यावर एकही आठवत नाही. त्यापेक्षा आत शिरल्यावर दालनाच्या मधोमध उभ्या राहा, चारही भिंतींवरून नजर फिरवा आणि ज्या एका चित्राकडे डोळे परत जातात त्याच्याकडे सरळ चालत जा. बाकीची राहिली तर राहू द्या. कुणी हजेरी घेत नाही.

चित्राच्या शेजारची नावपट्टी लगेच वाचू नका. पट्टी वाचली की डोळे तिच्यात लिहिलेलंच शोधत बसतात. आधी इतकं मागे जा, की चित्र चारही कडांसकट एका नजरेत मावेल. मग पुढे या, ब्रश कसा फिरलाय, कागद कुठे कोरा सोडलाय, रंग कुठे खरवडलाय ते पाहा. आणि पुन्हा मागे. या मागे-पुढे होण्यातच बरंचसं बघणं होऊन जातं. माझ्यासारख्या चित्रं लावणाऱ्या बाईला दिवसभर दुसरं काय करावं लागतं? चित्र लावायचं, मागे जायचं, पुन्हा जवळ यायचं.

गर्दीला घाबरू नका. ओळखीची माणसं गप्पा मारताना एकमेकांकडे तोंड करून, म्हणजेच भिंतीकडे पाठ करून उभी असतात. कोपरे रिकामेच असतात. तरी नको वाटत असेल, तर दारं उघडल्या उघडल्या जा नाहीतर मिटायच्या बेताला. शेवटच्या अर्ध्या तासात चित्रकारही पाय दुखून खुर्चीत टेकलेला असतो आणि तेव्हा खरं बोलतो.

त्याला विचारायचं काय? ‘याचा अर्थ काय?’ हे नको. त्याचं पाठ केलेलं उत्तर त्याने त्या संध्याकाळी वीस वेळा दिलेलं असतं. हाताने उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा. हे निळं आधी लावलं की नंतर? ही कड पुसली की तशीच राहिली? कुठे थांबायचं ते कसं ठरवलंत? चित्रकाराचा चेहरा लगेच खुलतो, कारण त्याचे दिवस याच प्रश्नांशी झगडण्यात गेलेले असतात. आणि चित्र आवडलं नसेल तर मान हलवून पुढे जा. खोटी स्तुती त्याला लगेच कळते.

राहता राहिला तुमचा संकोच. १८५७ मध्ये लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियम उघडलं. आज आपण त्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतो. हेन्री कोल या त्याच्या संचालकाने तिथे गॅसचे दिवे लावून संध्याकाळी दारं उघडी ठेवायची प्रथा सुरू केली, कारण दिवसभर राबणाऱ्यांना दिवसा येणं शक्यच नव्हतं. गॅसच्या धुराने चित्रं खराब होतील अशी ओरड झाली, तेव्हा नेमलेल्या समितीत मायकेल फॅरडे हे नामवंत शास्त्रज्ञसुद्धा होते. ज्यांना कुणी आमंत्रण देत नाही त्यांच्यासाठीच ही संध्याकाळची सोय झाली होती. तेव्हा त्या दालनावर ओळखीपाळखीच्या मंडळींपेक्षा तुमचा हक्क कणभर जास्तच आहे.

प्रश्न : उद्घाटनाला दालन तुडुंब भरतं. भाषणं संपली की अर्ध्या तासात सामसूम. उरलेली संध्याकाळ आम्ही स्वयंसेवक एकमेकांची तोंडं बघत बसतो. काय चुकतंय? – महोत्सवाच्या संयोजक मंडळातील एक

उत्तर : तुम्ही दालनात खुर्च्या मांडता का? पत्रात लिहिलेलं नाही, पण मांडत असणार. खुर्च्या मांडल्या की त्यांची तोंडं माइककडे आणि पाठ चित्रांकडे. माणूस तासभर तसा बसला की ‘कार्यक्रम’ संपल्यावर उठून घरी जाणारच, त्याला तो निरोपच वाटतो. खुर्च्या काढा. थकलेल्यांसाठी मधोमध दोन-तीन बाकं ठेवा, तोंडं भिंतींकडे. भाषण करायचंच असेल तर एकाच माणसाचं, उभ्या उभ्या, पाच मिनिटांचं आणि दारं उघडल्यावर तासाभराने. तोवर लोकांनी काहीतरी पाहिलेलं असतं, मग भाषण ऐकून ते पुन्हा त्या चित्रापाशी जातात. चित्रकाराने आपल्या एकाच चित्रासमोर उभं राहून दहा मिनिटं सांगावं आणि असे तीन-चार जण संध्याकाळभर अंतराअंतराने ठेवावेत. त्यांच्या वेळा दारावर लावा. माणसं थांबतात.

वेळही तपासून पाहा. १८७४ मध्ये पॅरिसला मोने, रेन्वार, पिसारो, बर्थ मोरिसो वगैरे तीसेक कलाकारांनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत पहिलं प्रदर्शन भरवलं, ज्याच्यावरून त्यांना इम्प्रेशनिस्ट हे चिडवायचं नाव मिळालं. ते दिवसा दहा ते सहा उघडं असायचं आणि मग पुन्हा रात्री आठ ते दहा. मधले दोन तास बंद! माणसं घरी जाऊन, जेवून परत येतील हा हिशेब त्यांनी केला होता. आपल्याकडचे संयोजक सहाला सुरू करून आठला दिवे मालवतात आणि गर्दी नाही म्हणून हळहळतात.

अंगणात किंवा रस्त्याकडेला प्रदर्शन असेल तर आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. उजेड उतरू लागला की डोळ्यांना तांबडा रंग काळपट दिसू लागतो आणि निळा-हिरवा उलट उजळतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे नोंदवून ठेवलं आहे. मंद उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांना तांबड्याची जाण फार थोडी. चित्रकाराने जिवाचं रान करून लावलेला लाल नेमका तुमच्या मुख्य पाहुण्यांच्या वेळेला विझतो. म्हणून दिवे अंधार पडल्यावर नव्हे, सूर्य टेकायच्या आधी लावा. दिवा घेताना खोक्यावरचा ‘सीआरआय’ आकडा वाचा, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. तो नव्वदच्या वर हवा, नाहीतर रंग मळकट दिसतात. आणि दिवा छतावरून सरळ खाली न सोडता साधारण तीस अंशांनी चित्राकडे झुकवा. त्याहून आडवा केला तर काचेत दिव्याचा गोळा दिसतो आणि बघणाऱ्याच्या डोक्याची सावली चित्रावर पडते.

प्रश्न : या वर्षी पहिल्यांदाच महोत्सवात स्टॉल घेतेय. सगळी चित्रं जलरंगातली, काचेच्या फ्रेममध्ये. दोन दिवस बाहेर राहिल्याने रंग उडतील का? घरचे म्हणतात, दोन दिवसांनी काय होतंय. – जलरंगात काम करणारी

उत्तर : घरच्यांना पुढचा हिशेब दाखवा. उजेड लक्समध्ये मोजतात. संग्रहालयात जलरंगावर साधारण ५० लक्स पडू देतात, त्याहून जास्त नाही. स्वच्छ दिवशी बाहेर सावलीतसुद्धा दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो आणि थेट उन्हात एक लाखापर्यंत. रंगाचं नुकसान उजेड गुणिले वेळ असं साचत जातं, मधल्या विश्रांतीने ते भरून निघत नाही. म्हणजे सावलीतले आठ तास ८०,००० लक्स-तास झाले. संग्रहालयाच्या भिंतीवर रोज आठ तासांप्रमाणे तेवढं साचायला दोनशे दिवस लागतील. उन्हात एकच तास राहिलं तर अडीचशे दिवसांचा खर्च झाला.

तरी घाबरून स्टॉल रद्द करू नका, कारण सगळे रंग सारखे नाजूक नसतात. गेरूसारखे मातीचे रंग, अल्ट्रामरीन, थॅलो निळा-हिरवा हे चिवट. भीती आहे ती जुन्या पद्धतीच्या अलिझरिन क्रिमसनची आणि झगझगीत गुलाबी-जांभळ्या शाईसारख्या रंगांची. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीआर ८३ दिसलं की ते अलिझरिन, आणि पातळ वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार थरात, ते सगळ्यात आधी उडतं. ते वापरलेलं चित्र घरी ठेवा, स्टॉलवर त्याची चांगली छापील प्रत लावा आणि ती प्रत आहे हे ठळक लिहा.

फ्रेमवाला अतिनील किरणं अडवणारी काच घ्या म्हणेल. घ्यायला हरकत नाही, पण त्या काचेमुळे निश्चिंत होऊ नका. डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग उडवतो आणि तो अडवला तर चित्रच दिसणार नाही. स्टॉल मिळताना तोंड कुठल्या दिशेला आहे हे विचारा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या स्टॉलला दुपारभर ऊन आत येतं. बाजूचे पडदे पांढरेच असू द्या. रंगीत कापडाखाली सगळ्या चित्रांवर त्या कापडाची झाक येते आणि गिऱ्हाईक चित्र घरी नेल्यावर ‘तेव्हा वेगळं दिसत होतं’ म्हणतं.

काचेबद्दल. बाहेर काच नकोच, वाऱ्याने एक फ्रेम पडली की सगळीकडे चुरा. अॅक्रिलिक शीट लावून घ्या, हलकी असते, फुटत नाही. शेजारच्या स्टॉलवर पेस्टल किंवा कोळशाची चित्रं असतील तर त्यांना मात्र ही सांगू नका. अॅक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि सुटी भुकटी कागदावरून उचलून आतल्या बाजूला चिकटते. काच असो की शीट, चित्र तिला टेकता कामा नये. मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवीच. उन्हात फ्रेमच्या आत हवा तापते, कागदातली ओल बाहेर पडते आणि थंडावल्यावर आतून दव धरतं.

वाऱ्याचं लोक शेवटी बघतात, ते आधी बघा. तंबूच्या चारही पायांना वजन बांधा, एका पायाला बांधलेला तंबू त्याच पायाभोवती गरकन फिरतो. चित्रं लावायला सलग फळीपेक्षा जाळी बरी, वारा आरपार जातो. आणि इंग्रजी एस अक्षरासारखे उघडे हुक वापरत असाल तर पक्कडीने त्यांची तोंडं दाबून बंद करा. झोताने फ्रेम वर उचलली जाते आणि हुकातून निसटते. खाली बघणारं लहान मूल असू शकतं.

प्रश्न : आमच्या महोत्सवात दरवर्षी भांडण ठरलेलं. निवड समिती नेमली तर ‘आपल्याच माणसांना घेतलं’, आणि सगळ्यांना प्रवेश दिला तर ‘दर्जा घसरला’. तुमचं मत? – दोन्ही बाजूंची बोलणी खाणारा सचिव

उत्तर : भांडण जुनं आहे आणि ते पूर्ण मिटलेलं मी कुठेच वाचलं नाही. १८६३ मध्ये पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाच्या समितीने इतकी चित्रं परत पाठवली, की तक्रारी सम्राट तिसऱ्या नेपोलियनपर्यंत गेल्या. त्याने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं, लोकांनीच ठरवावं म्हणून. लोक आले आणि पोट धरून हसले. ज्याला हसले त्यांत पुढे थोर ठरलेला चित्रकार माने होता. समिती चुकली आणि लोकही चुकले.

न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली दुसऱ्या टोकाचा प्रयोग झाला. सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्स या संस्थेने ठरवलं, निवड नाही, बक्षिसं नाहीत, वर्गणी भरेल त्याचं काम लागेल. हजाराहून जास्त कलाकार आले. चित्रं लावणाऱ्या समितीचा प्रमुख फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशां (माझ्याच धंद्यातला माणूस म्हणायचा!). त्याने सगळं आडनावाच्या अक्षरानुसार लावायचं ठरवलं, सुरुवात कुठल्या अक्षराने ते चिठ्ठी टाकून, निघालं ‘आर’. आणि ज्या संस्थेत काहीच नाकारायचं नव्हतं, तिने एका ‘आर. मट’ नावाच्या माणसाने पाठवलेलं चिनीमातीचं मुतारीचं भांडं नाकारलं. ते द्युशांनेच टोपणनावाने पाठवलं होतं. त्याने राजीनामा दिला. ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ लिहिताना हे आठवत जा. संयोजकांच्या मनात एक रेघ असतेच. ती लपवून ठेवण्यापेक्षा कागदावर आणलेली बरी.

लोकांच्या मतांवर सोपवण्यालाही माझा विरोध नाही. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स या मध्यम आकाराच्या शहरात २००९ पासून आर्टप्राइझ भरतं, गावभर कलाकृती आणि बघणाऱ्यांची मतं. २०१४ मध्ये लोक आणि परीक्षक दोघांचाही कौल एकाच कामाला पडला (परीक्षकांनी आपलं बक्षीस दोन कामांत विभागलं, त्यांतलं ते एक). लाहोरला जन्मलेल्या अनिला कय्यूम आगा यांचा तो नक्षी कापलेला पोकळ घन होता. आत एकच दिवा, आणि सगळ्या खोलीच्या भिंतींवर, छतावर, येणाऱ्या माणसांच्या अंगावर त्या नक्षीच्या सावल्या. असं क्वचित जमतं. एरवी मतदानात मोठ्या आकाराचं आणि दारापाशी लावलेलं काम पुढे जातं. चित्र कुठे लावायचं ते मीच ठरवत आले आहे, तेव्हा हे माझ्याकडून ऐका.

तुम्हाला माझा सल्ला असा. समिती ठेवा, तिघांची. त्यांतला एक तरी गावाबाहेरचा आणि दरवर्षी किमान एक बदललेला. काय बघून निवडणार हे अर्जावरच छापा. नकार वेळेत कळवा म्हणजे माणूस फ्रेमचा खर्च करून बसणार नाही. आणि एक पूर्ण भिंत खुली ठेवा, आधी येईल त्याला जागा, एकाला एकच चित्र, आकाराची मर्यादा सांगून. अट माझी एवढीच, की ती भिंत जिन्याखाली नको आणि तिच्यावरचे दिवे बाकीच्यांइतकेच चांगले हवेत. बक्षिसं बंद करता आली तर अर्धं भांडण तिथेच संपेल, पण देणगीदार ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : चित्राखाली किंमत लिहावी का? ओशाळवाणं वाटतं. – नवा चित्रकार

उत्तर : लिहावी. विचारायला लाजणारे लोक न विचारता निघून जातात. स्टुडिओत, दालनात आणि महोत्सवात किंमत एकच ठेवा. चित्र विकलं गेलं की पट्टीवर लाल टिकली लावा, पण चित्र शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहील हे घेणाऱ्याला आधी सांगा. दुसऱ्या दिवशी रिकामा खिळा बघायला कुणी येत नाही.

प्रश्न : जागा कमी, कलाकार जास्त. एकावर एक तीन ओळी लावल्या तर चालेल? आणि खिळा किती उंचीवर? – पहिल्यांदाच मांडणीचं काम अंगावर आलेली

उत्तर : खिळ्याचं आधी. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर आणा. १४८ धरू. फ्रेमची उंची ६० असेल तर तिची अर्धी ३०. मागची तार बोटाने वर ताणून फ्रेमच्या वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजा, समजा ८. १४८ अधिक ३० वजा ८, म्हणजे खिळा १७० वर. प्रत्येक फ्रेमची तार वेगळी, म्हणून प्रत्येक वेळी मोजायचं. वरच्या कडा एका रेषेत आणायच्या मागे लागू नका, लहान-मोठ्या फ्रेममध्ये ते विचित्र दिसतं. मध्य रेषेत ठेवा. लहान मुलांसाठीची भिंत असेल तर सगळंच त्यांच्या डोळ्यांपर्यंत खाली घ्या.

तीन ओळी चालतात, पण वरच्या ओळीत कोण जाणार यावर मैत्र्या तुटतात. लंडनच्या रॉयल अकादमीत चित्रं खालपासून छतापर्यंत दाटीने लावत. १७८४ मध्ये गेन्सबरो या नामांकित चित्रकाराने आपलं राजकन्यांचं चित्र खाली लावा म्हणून हट्ट धरला, अकादमीने नियम दाखवला. त्याने सगळी चित्रं काढून नेली आणि तिथे पुन्हा कधीही प्रदर्शन केलं नाही. तुमचा कलाकार गेन्सबरो नसेल, राग मात्र तेवढाच असतो. वर ठळक, मोठ्या आकारांची चित्रं लावा, ती लांबूनही वाचता येतात. बारीक रेषांचं काम डोळ्यांसमोर. जागा फारच कमी असेल तर प्रत्येकाचं एकेकच चित्र घ्या आणि मोकळी भिंत राहू द्या.

प्रश्न : मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि कागदावरची काही चित्रं भिजली. असं झालं तर पहिल्यांदा काय करावं? – महोत्सवाचा स्वयंसेवक

उत्तर : हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही लांब ठेवा, कागद वेडावाकडा आकसतो. फ्रेम आडवी करा, काच खाली. मागून उघडून चित्र सुटत असेल तर माउंटसकट अलगद बाहेर काढा आणि टीपकागदावर, चित्र वर करून, सपाट ठेवा. टीपकागद ओला झाला की बदला, पंखा खोलीत फिरू द्या पण चित्राच्या तोंडावर नको. चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नका. तसंच काचेसकट, काच खाली येईल असं ठेवून जाणत्या माणसाकडे न्या. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू शकते, म्हणून हे त्याच रात्री करायचं, सामान आवरायच्या आधी. कुणाचं चित्र कुठल्या टेबलावर ठेवलंय ते पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहा. शाई ओलीत पसरते.